डीझेल इंजिनातील इंधन-अंतःक्षेपणाची वेळ : कोन आणि काल

१. प्रश्नाचे स्वरूप

शाहूपुरी ही कोल्हापुरातील मूळची व्यापारी पेठ. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत ती वसविण्यात आली आणि १८९१ साली सुरू झालेल्या मिरज-कोल्हापूर लोहमार्गाच्या सान्निध्यामुळे ती वाढीस लागली. जवळच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम, ऑइल इंजिने आणि त्यांचे सुटे भाग यांचे कारखाने उभे राहिले. एकीकडे माल आणि दुसरीकडे यंत्रविद्या असा योग असलेल्या या परिसरात मालवाहू गाड्यांची आणि त्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची वर्दळ असावी, हे स्वाभाविक आहे.

कोल्हापुराहून गूळ, भाजीपाला व इतर माल घेऊन कोकणात उतरणारे लहान पिकअप ट्रक गगनबावड्याच्या किंवा आंब्याच्या घाटाने जातात आणि परतताना तोच घाट चढून येतात. अशा गाड्यांविषयीची एक तक्रार सार्वत्रिक आहे : चढावर इंजिन ओढत नाही. तीवरचा एक उपायही तितकाच सार्वत्रिक आहे : इंधन-पंपाचे ‘टायमिंग’ थोडे आधी घ्यावे, म्हणजेच सिलिंडरात इंधनाचा फवारा पूर्वीपेक्षा अगोदर सुरू होईल अशी पंपाची मांडणी करावी. या उपायाने काही गाड्या खरोखरच सुधारतात. काही गाड्या प्रथम सुधारल्यासारख्या वाटतात व पुढे त्यांचे हेड गॅस्केट तरी जाते किंवा दट्ट्याच्या माथ्याला इजा तरी होते. एकच उपाय एका ठिकाणी गुणकारी आणि दुसऱ्या ठिकाणी घातक का ठरतो, याचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ज्याचा चरितार्थ एका गाडीवर चालतो, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही.

उलगड्याचे सूत्र प्रारंभीच सांगता येईल. कारागीर पंप फिरवतो तेव्हा तो एक कोन बदलतो. परंतु इंधन पेट घेते ते कोन पाहून नव्हे, तर ठरावीक काल लोटल्यावर. कोन आणि काल यांचा मेळ बसविणे म्हणजेच टायमिंग होय.

२. प्रज्वलन-विलंब

पेट्रोल इंजिनात मिश्रण पेटविण्यासाठी ठिणगी असते. डीझेल इंजिनात तशी कोणतीही बाह्य योजना नाही. रूडॉल्फ डीझेल यांनी १८९२ साली ज्या कल्पनेसाठी एकस्वाचा अर्ज केला आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे जी यशस्वीपणे प्रत्ययास आली, तीत केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेट घेते. आरंभीच्या इंजिनांत इंधन सिलिंडरात लोटण्यासाठी संपीडित हवा वापरीत. १९२७ साली बॉश या जर्मन कारखान्याने दट्ट्यायुक्त इंधन-पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, आणि त्यानंतरच लहान व जलद डीझेल इंजिने रस्त्यावरील वाहनांत बसविणे व्यवहार्य झाले. या पंपाची कामे दोन : प्रत्येक वेळी इंधनाचे नेमके माप देणे आणि ते नेमक्या वेळी देणे. येथे विचार दुसऱ्या कामाचा आहे.

नॉझलमधून फवारा सुरू होताच इंधन पेटत नाही. थेंबांचे बाष्प होणे, ते हवेत मिसळणे आणि ज्वालेपूर्वीच्या रासायनिक क्रिया पुऱ्या होणे यांत काही काल जातो. यालाच प्रज्वलन-विलंब म्हणतात. विलंबाच्या काळातही फवारा चालूच असतो; म्हणून ज्या क्षणी पहिली ज्वाला निर्माण होते, त्या क्षणी सिलिंडरात न जळलेल्या इंधनाचा काही साठा जमलेला असतो. हा साठा जवळजवळ एकदम जळतो, दाब एकाएकी चढतो, आणि डीझेल इंजिनाचा जो परिचित ठोका ऐकू येतो तो याच दाबवाढीचा. त्यानंतरचे इंधन मात्र जसजसे हवेत मिसळते तसतसे संथपणे जळते. विलंब जितका मोठा तितका साठा मोठा, आणि साठा जितका मोठा तितका आघात मोठा.

विलंब कशावर अवलंबून असतो? मुख्यतः हवेच्या दाबावर व तापमानावर, आणि इंधनाच्या सिटेन अंकावर. वोल्फर यांनी १९३८ साली पन्नासाहून अधिक सिटेन अंकाच्या इंधनासाठी जे अनुभवसिद्ध सूत्र मांडले, त्यानुसार मिलिसेकंदांतील विलंब हा ०.४४ या स्थिरांकास वातावरणांत मोजलेल्या दाबाच्या उणे १.१९ व्या घाताने आणि केल्व्हिनमधील तापमानाने ४६५० ला भागून येणाऱ्या संख्येच्या घातीय फलाने गुणिले असता मिळतो. भारतीय मानकाप्रमाणे वाहनांच्या डीझेलचा सिटेन अंक किमान ५१ असावा लागतो. त्यामुळे हे सूत्र स्थूल विवेचनासाठी येथे लागू करण्यास हरकत नाही. तापमान घातांकात येते, ही त्यातील लक्षणीय गोष्ट. तापमानातील थोडा फरकही विलंबात मोठा फरक घडवितो.

३. एक गणित

समजा, एका इंजिनाचे संपीडन-गुणोत्तर १८ आहे. संपीडनाच्या आरंभी सिलिंडरातील हवा १ वातावरण दाबाची व ३३० केल्व्हिन तापमानाची आहे. संपीडनाचा घातांक १.३५ आहे, आणि क्रँकची त्रिज्या व संयोगदांड्याची लांबी यांचे गुणोत्तर ०.२८ आहे. दट्ट्या सर्वांत वर पोहोचतो त्या स्थितीस गॅरेजमध्ये ‘टॉप’ म्हणतात. कोन या स्थितीपासून मोजावयाचे. या गृहीतांवरून असे आढळते की, टॉपच्या २० अंश आधी हवेचा दाब सुमारे २५ वातावरणे व तापमान ७६२ केल्व्हिन असते. १० अंश आधी ते सुमारे ४० वातावरणे व ८६० केल्व्हिन होते. आणि प्रत्यक्ष टॉपवर सुमारे ५० वातावरणे व ९०८ केल्व्हिन. वोल्फर यांच्या सूत्राने पहिल्या स्थितीत विलंब सुमारे ४.२ मिलिसेकंद, दुसऱ्या स्थितीत १.२ मिलिसेकंद, तर तिसऱ्या स्थितीत ०.७ मिलिसेकंद येतो.

अर्थात विलंबाच्या काळात दट्ट्या वर सरकतच असतो आणि हवा अधिकाधिक तापत जाते. म्हणून प्रत्येक क्षणीच्या विलंबाचा व्यस्तांक घेऊन त्याचे कालसापेक्ष संकलन करावे लागते. हे संकलन जेथे एक होते तेथे प्रज्वलन झाले असे मानावे. इंजिनाची गती मिनिटास १५०० फेरे धरल्यास एका अंशास एका सेकंदाचा नऊ-हजारावा भाग, म्हणजे ०.१११ मिलिसेकंद लागतो. या गतीवर पुढील निष्पत्ती मिळते.

फवारा टॉपच्या १० अंश आधी सुरू झाल्यास प्रज्वलन सुमारे २ अंश आधी होते. विलंब ८ अंशांचा.

फवारा १५ अंश आधी सुरू झाल्यास प्रज्वलन सुमारे साडेचार अंश आधी होते. विलंब साडेदहा अंशांचा.

फवारा २० अंश आधी सुरू झाल्यास प्रज्वलन सुमारे ६ अंश आधी होते. विलंब १४ अंशांचा.

या तीन ओळींत प्रस्तुत विषयाचे सार आले आहे. पहिल्या पाच अंशांच्या बदलाने प्रज्वलन अडीच अंशांनी अलीकडे आले. पुढच्या पाच अंशांनी ते केवळ दीड अंशाने आले. उरलेले सगळे अंश साठा वाढविण्यात खर्ची पडले. एका वेळचे इंधन एकसारख्या वेगाने २० अंशांत आत येते असे मानले, तर पहिल्या स्थितीत ज्वाला उठण्यापूर्वी ४० टक्के इंधन आत आलेले असते, आणि तिसऱ्या स्थितीत ७० टक्के. टायमिंग आधी घेणारा कारागीर आपण प्रज्वलन तितकेच आधी आणले असे समजतो. वास्तविक त्याने प्रज्वलन थोडे आधी आणलेले असते आणि आघात पुष्कळ वाढविलेला असतो.

प्रत्यक्ष इंजिनात सिलिंडरच्या भिंतींकडे जाणारी उष्णता, हवेचा भोवरा, फवाऱ्याची बारीकी इत्यादी गोष्टींमुळे आकडे बदलतील. तथापि निष्कर्षाची दिशा बदलणार नाही, कारण ती तापमानाच्या घातांकातील स्थानातून निघते.

४. गतीचा परिणाम

हेच इंजिन मिनिटास ३००० फेरे करू लागले की एका अंशास निम्माच काल मिळतो. २० अंश आधी सुरू झालेल्या फवाऱ्याचे प्रज्वलन १५०० फेऱ्यांवर टॉपच्या ६ अंश आधी होत होते. ३००० फेऱ्यांवर वरील गणितानेच ते टॉपनंतर सुमारे एक अंशाने होते. कोन तोच, परंतु ज्वाला सात अंशांनी उशिरा. दाबाचा जोर दट्ट्या खाली उतरू लागल्यावर येतो, इंधनातील ऊर्जेचा मोठा भाग धुराड्यातून निघून जातो आणि गाडी ओढत नाही.

यात आणखी एका विलंबाची भर पडते. पंपाने दिलेला दाब नळीतून नॉझलपर्यंत पोहोचतो तो तरंगरूपाने, आणि डीझेलमध्ये त्याचा वेग सेकंदास सुमारे १३०० मीटर असतो. नळी ६५ सेंटिमीटर लांब असेल तर अर्धा मिलिसेकंद वाटेतच जातो : १५०० फेऱ्यांवर साडेचार अंश, ३००० फेऱ्यांवर नऊ अंश. सर्व सिलिंडरांच्या नळ्या वेड्यावाकड्या वळवूनही सारख्याच लांबीच्या का ठेवतात, याचे कारण येथे आहे. एखादी फुटलेली नळी काढून तिच्या जागी आखूड नळी बसविणे म्हणजे त्या एका सिलिंडराचे टायमिंग इतरांहून वेगळे करणे होय.

यास्तव जलद इंजिनाच्या पंपास गतीबरोबर फवारा आपोआप आधी आणणारी योजना जोडावी लागते. ओळीच्या पंपात, म्हणजे प्रत्येक सिलिंडरास एक स्वतंत्र दट्ट्या असलेल्या पंपात, ती केंद्रोत्सारी वजनांची असते. बॉशच्या १९७५ सालापासूनच्या व्हीई जातीच्या पंपात एकच दट्ट्या सर्व सिलिंडरांना क्रमाने इंधन वाटतो. तेथे गतीबरोबर वाढणारा इंधनाचा अंतर्गत दाब एक लहान आडवा दट्ट्या सरकवितो व त्यायोगे रोलरचे कडे फिरते. ही योजना अडकून बसली असल्यास गाडी सावकाश चालताना ठीक वाटते आणि वेगात ओढत नाही. अशा वेळी पंपाचे मूळ टायमिंग आधी घेतल्यास वेगातील उणीव भरून निघाल्यासारखी वाटते. परंतु घाटातील मंद व भाराच्या गतीवर ठोका असह्य होतो. दोष गतीच्या योजनेत आणि दुरुस्ती मूळ कोनात, असा हा विपर्यास आहे.

५. मापनाची रीत

प्रथम एक व्यावहारिक प्रमाण लक्षात घ्यावे. चार-धावी इंजिनात पंप क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणून पंपाचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश. पंपाच्या मध्यापासून सुमारे ५७ मिलिमीटर अंतरावर बोल्ट असेल, तर तेथील एक मिलिमीटर सरकणे म्हणजे पंपाचा एक अंश व क्रँकचे दोन अंश. कानाने अंदाज घेत पंपाला दिलेला ‘हलकासा’ धक्का दोन-अडीच मिलिमीटरचा झाला, तर तो पाच अंशांचा बदल होतो. वरील गणितात एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाण्यास एवढाच बदल पुरला होता.

टॉप शोधताना दोन दक्षता आवश्यक आहेत. चार-धावी चक्रात दट्ट्या दोनदा टॉपवर येतो. त्यांपैकी संपीडनाचा टॉप तोच, जेथे पहिल्या सिलिंडराच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. दुसरे असे की, इंजिन नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनेच खुणेवर आणावे. खूण ओलांडली गेल्यास तेवढेच मागे न घेता पाव फेरा मागे नेऊन पुन्हा पुढे यावे. नाही तर दातेचक्रांतील किंवा साखळीतील ढिलाई मापनात शिरते.

ओळीच्या पंपावर जी रीत प्रचलित आहे, तिला इंधनाचा ओघ थांबण्याची रीत म्हणता येईल. पहिल्या सिलिंडराची नळी व पंपाची निर्गम-झडप काढून तेथे हंसाच्या मानेसारखी वाकविलेली बारीक नळी बसवितात. हातपंपाने इंधन दाबीत फ्लायव्हील हळूहळू फिरविले की प्रथम धार लागते, मग थेंब पडू लागतात आणि एका स्थितीत थेंबही थांबतात. पंपातील दट्ट्याने प्रवेशद्वार मिटल्याची ती खूण. त्या क्षणी फ्लायव्हीलवरील अंक निर्मात्याने सांगितलेल्या अंकाशी जुळला पाहिजे. न जुळल्यास पंपाचे बोल्ट सैल करून तो लांबट भोकांत फिरवितात. पंपाचे शरीर त्याच्या दंडाच्या फिरण्याच्या उलट दिशेने वळविले की फवारा आधी होतो, त्याच दिशेने वळविले की उशिरा.

व्हीई जातीच्या पंपावर डोक्याच्या मध्यभागीचा स्क्रू काढून तेथे डायल गेज लावतात. दट्ट्या सर्वांत खाली असता गेज शून्यावर आणावे, नंतर इंजिन टॉपच्या खुणेवर आणून दट्ट्या किती उचलला गेला ते वाचावे. हे माप मिलिमीटरच्या शतांश भागांपर्यंत दिलेले असते आणि प्रत्येक इंजिनासाठी वेगळे असते; एका गाडीचे माप दुसरीस लावणे अयोग्य. थंडीत सुरू करण्यासाठी टायमिंग आधी आणणारा तरफेचा भाग पंपावर असल्यास तो मापनापूर्वी मोकळा केला पाहिजे. बोल्ट घट्ट केल्यावर मापन पुन्हा करणे हा नियमच मानावा, कारण आवळताना पंप किंचित सरकतो.

६. लक्षणे आणि निदान

फवारा फार आधी असल्यास ठोका कठीण येतो, इंजिन तापते, दट्ट्याचा माथा, बेअरिंगे आणि गॅस्केट यांवर ताण पडतो. सिलिंडरातील कमाल तापमान वाढल्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडेही अधिक निर्माण होतात. फवारा फार उशिरा असल्यास ओढ कमी होते, इंधन अधिक लागते, भारावर काळा धूर आणि थंड इंजिनात पांढरा धूर येतो. थंड इंजिनातील धुराचे कारण मागील गणितावरूनच कळते : आरंभीचे तापमान ३३० ऐवजी २९५ केल्व्हिन धरल्यास टॉपवरील विलंब ०.७ वरून १.३ मिलिसेकंदांवर जातो आणि काही इंधन न पेटताच बाहेर पडते.

परंतु ही लक्षणे एकट्या टायमिंगची नव्हेत. काळा धूर तुंबलेल्या एअर फिल्टरमुळेही येतो. पांढरा धूर कमी झालेल्या संपीडनामुळेही. नॉझलची कमानी सैल होऊन ते कमी दाबावर उघडू लागले, तर फवारा ठरल्याहून आधी सुरू होतो व थेंबही जाड पडतात. उलट टायमिंगची साखळी ताणली गेल्यास किंवा पंपाचा दट्ट्या झिजल्यास तो उशिरा सुरू होतो. म्हणून फिल्टर, इंधनातील हवा, नॉझलचा दाब आणि संपीडन यांची तपासणी झाल्याखेरीज पंपास हात लावू नये.

आरंभीच्या कोड्याचे उत्तर येथे मिळते. साखळी व पंप झिजलेल्या जुन्या गाडीत फवारा मुळातच उशिरा होत असतो. तो आधी घेणे म्हणजे त्याला मूळ जागी आणणे होय, आणि त्यामुळे गाडी खरोखर सुधारते. जिचे टायमिंग मूळ जागी आहे आणि जिचा दोष अन्यत्र आहे, त्या गाडीत तीच क्रिया फक्त साठा वाढविते. थोडी ओढ वाढल्याचा भास होतो. त्याची किंमत गॅस्केट आणि दट्ट्या यांना द्यावी लागते. दोन्ही गाड्यांतील भेद कानाला कळत नाही. तो गेजला कळतो.

धुराचा प्रश्न मालकापुरताच मर्यादित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली डीझेलच्या धुराची गणना मानवास निश्चितपणे कर्ककारक असलेल्या पदार्थांत केली. बंद शेडमध्ये चालू इंजिनाच्या मागे उभा राहून कानाने टायमिंग लावणारा कारागीरच या धुराच्या सर्वांत निकट असतो. इंजिन बंद ठेवून केलेले मापन त्याच्याही हिताचे आहे.

७. नव्या इंजिनांतील स्थिती

भारतात बीएस-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून देशभर आणि बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. ती पाळणाऱ्या नव्या गाड्यांत सामान्यतः कॉमन रेल पद्धती असते. तीत इंधन एका जाड नळीत सतत उच्च दाबाखाली ठेवलेले असते आणि फवाऱ्याचा क्षण विद्युत्-संकेताने ठरतो. तेथे पंप फिरवून टायमिंग बदलता येत नाही. गती, भार व तापमान यांनुसार नियंत्रकात साठविलेल्या कोष्टकातून ते निवडले जाते.

तरीही मूळ प्रश्न नाहीसा झालेला नाही. या पद्धतीत मुख्य फवाऱ्यापूर्वी अत्यल्प इंधनाचा एक पूर्व-फवारा देतात. तो जळून सिलिंडरातील तापमान वाढवितो, त्यामुळे मुख्य फवाऱ्याचा विलंब घटतो व साठा जमत नाही. गणितातील तिसऱ्या ओळीची अडचण येथे कोन बदलून नव्हे, तर विलंब घटवून सोडविली आहे. जुन्या पंपावर हे साधन उपलब्ध नाही. तेथे कोन हे एकच साधन हाती असते आणि ते एका मर्यादेपलीकडे उलटते.

ग्रामीण भागात यांत्रिक पंपाच्या पिकअप गाड्या अजूनही चालतात. त्यांचे टायमिंग निर्मात्याने दिलेल्या अंकावर मोजून आणावे, त्या अंकापासून ढळण्याचे कारण शोधावे आणि त्यापलीकडे ओढ वाढविण्यासाठी पंपाचा उपयोग करू नये, एवढा निष्कर्ष वरील विवेचनातून निघतो. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यास वरील संकलन निरनिराळ्या संपीडन-गुणोत्तरांसाठी व गतींसाठी स्वतः करून पाहता येईल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेव्हा आरंभीचा दाब एक वातावरणाऐवजी सुमारे ०.९४ धरून घाटमाथा व घाटाचा पायथा यांतील विलंबाचा फरक काढणे, हा त्याचा उत्तम पहिला अभ्यास ठरेल.